म्हादेवक्काच्या चार कड्या

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमच्या घरातली ट्यूब एकदम मलूल व्हायची, पंखा दमल्यासारखा फिरायचा आणि टीव्हीवरचा माणूस अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अक्का बसली कामाला." मी चरफडायचो. कॉलेजच्या ऑफिसात उभा जन्म लोकांची कटकट ऐकण्यात गेला. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात घर बांधलं ते जरा शांतता मिळावी म्हणून, आणि शेजार मिळाला तो म्हादेवक्काचा.

एकदा मी रीतसर तक्रार घेऊन गेलो. अक्का मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवी बसली होती. अंगात साडीवरून घातलेला नवऱ्याचा खाकी शर्ट, डोक्याला पंचा, कपाळावर वेल्डिंगचा काळा टोप वर सरकवलेला. म्हटलं, "अक्का, तुमचं मशीन सुरू झालं की आमचे दिवे डोळे मिचकावतात."

"मिचकावू द्या की मानेभाऊ," ती म्हणाली. "तुमच्याकडं बगून दुसरं कोन मिचकावतंय आता?"

मी परत आलो. बायकोला काय झालं ते सांगितलं नाही, पण तिनं भिंतीपलीकडून ऐकलं होतंच.

अक्काचं खरं नाव महादेवी. अख्खी गल्ली म्हादेवक्का म्हणायची. बुटकी, रुंद बांध्याची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि मनगटं अशी की तिच्याशी हस्तांदोलन करायची वेळ येऊ नये. ही मनगटं कडक भाकऱ्यांनी घडवलेली. घरातच तिचा भाकरीचा आणि शेंगाचटणीचा धंदा होता. घरात कानडी, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी तेलुगू, आणि वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानदाराशी तिची तिनंच तयार केलेली हिंदी. या चारही भाषांत ती एकाच आवाजात बोलायची, आणि तो आवाज आमच्या गच्चीवर स्पष्ट यायचा. कौतुक हा प्रकार तिच्याकडे नव्हता. माझ्या मुलीला परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हा पेढा तोंडात टाकून ती म्हणाली, "चालतंय." हा तिचा सगळ्यात वरचा शेरा. कुणाच्याही घरी गेली तरी खुर्चीवर बसायची नाही. फरशीवर एक पाय लांब सोडून बसायची, आणि बसल्या बसल्या तुमच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते बघून घ्यायची.

तिचा नवरा शिवप्पा मिस्त्री. श्रीपूरकडच्या साखर कारखान्यात तो वेल्डर होता. हंगाम सुरू होण्याआधी रसाच्या पाइपांचे जे अवघड जोड असतात, जिथे माणसाला डोकंसुद्धा नीट घालता येत नाही, ते मिस्त्रीकडे यायचे. बोलणं कमी. खिशात पेन नसायचं, खडू असायचा. जोड करून झाला, थंड झाला, की मिस्त्री त्यावर छोटी हातोडी मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. आवाज मनासारखा आला तर जोडाशेजारी खडूनं बरोबरची खूण. नाही आला तर फुली, आणि सगळं कापून पुन्हा. साहेबांनी पास केलेला जोडसुद्धा त्यानं फुली मारून तोडलेला आहे, असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात.

निवृत्त होताना या माणसानं एकच हौस केली. तिन्ही कामं करणारं एक वेल्डिंग मशीन घेतलं. साधा रॉड लावून करायचं काम, गॅस आणि तारेच्या रिळावरचं काम, आणि टंगस्टनच्या सुईनं करायचं ते नाजूक टिगचं काम, सगळं एकाच पेटीत. घरामागे पत्र्याची शेड बांधली. खोकं शेडमध्ये आणून ठेवलं. सोमवारी चांगल्या वेळेला उघडायचं ठरलं, आणि रविवारी सकाळी आंघोळ करताना मिस्त्री कोसळला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. राहिला एकच शब्द, 'तडी'. कानडीत तडी म्हणजे थांब. चहा हवा असला तरी तडी, नको असला तरी तडी, लेक अकलूजहून भेटायला आली तरी तडी. कुठली तडी कशासाठी हे फक्त अक्काला कळायचं.

खोकं तसंच पडून राहिलं. मिस्त्रीची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून शेड दिसायची. तो दिवसभर त्या खोक्याकडे बघत पडलेला असायचा. मशीन विकून टाका, असं सगळ्यांनीच अक्काला सांगितलं. मीही सांगितलं, कारण शहाणपणाचा सल्ला फुकट द्यायची मला सवय आहे. अक्का म्हणाली, "मालक जित्ता हाय, मानेभाऊ. त्येच्या डोळ्यापुडं त्येचं मशीन इकू? उगडायचं हाय त्ये."

"पण चालवणार कोण?"

"मी हाय की."

मी हसलो नाही, पण हसू आलं होतं.

पुढचे दिवस आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. अक्कानं मिस्त्रीची खाट चौघांकडून उचलून शेडच्या दारात आणवली. इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली. त्यानं ती पातळ आणली होती. मिस्त्री खाटेवरून "तडी" म्हणाला आणि अक्कानं त्या माणसाला परत पाठवलं. अर्थिंगसाठी खड्डा घेतला, त्यात मीठ आणि कोळसा भरला. अर्थिंगला पाणी लागतं, आणि आमच्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांआड, तेव्हा लोक बादलीवर पहारा ठेवतात. अक्का मिस्त्रीला आंघोळ घालायची ते पाणी साठवून रोज त्या खड्ड्यात ओतायची. "ह्येला तान लागली की झटका देतंय," म्हणायची. गॅसची टाकी आली तेव्हा ती भिंतीत कडी ठोकून साखळीनं आवळून बांधली. पहिल्यांदा सैल बांधली होती. मिस्त्रीची तडी. पुन्हा आवळली. पुन्हा तडी. तिसऱ्या वेळेला तिनं भिंतीला पाय लावून अशी ओढली की पत्रा वाजला, तेव्हा तो गप्प झाला. कुठल्या कामाला कुठली केबल कुठल्या भोकात घालायची हे मिस्त्री डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाखवायचा, आणि विसरायला नको म्हणून अक्कानं जुन्या साडीच्या चिंध्या फाडून खुणेला बांधल्या. सगळं झाल्यावर लिंगपूजा करून आली आणि स्वतःच्या कपाळावर होते तसेच विभूतीचे तीन पट्टे मशीनवर ओढले. मग बटण दाबलं. आमच्या घरातली ट्यूब मलूल झाली ती तेव्हापासून.

शिकण्याची रीत अशी. लेक अकलूजहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवायची, अक्का ते भाकऱ्या थापता थापता बघायची आणि व्हिडिओतल्या माणसाला झापायची, "हात दाव की बाबा, तोंड काय दावतोस?" मग उन्हं कलली की शेडमध्ये. सुरुवातीला रॉड लोखंडाला चिकटून बसायचा. ती तो अशी हिसडायची की टेबल हलायचं. जोड झाला की पकडीत धरून खाटेपाशी न्यायची. मिस्त्री डाव्या हातात हातोडी घ्यायचा, मारायचा, मान तिरकी करायचा. जोड तुटायचा. मिस्त्री खडूनं फुली मारायचा. डाव्या हातानं मारलेली ती फुलीसुद्धा वाकडी यायची, पण मारल्याशिवाय तो राहायचा नाही. अक्का तुकडे उचलायची, कानडीत काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा बसायची. फुल्या मारलेल्या लोखंडाचा ढीग शेडच्या कोपऱ्यात वाढत गेला.

एकदा मी विचारलं, "अक्का, एखादा तरी पास करा म्हणावं. तुमचा हुरूप वाढेल."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "खोटं पास करायला ते काय म्येलंय?" म्हणाली.

पहिली बरोबरची खूण पडली तो दिवस बायकोला कळला, मला नाही. बायको चटणी आणायला गेली होती. अक्कानं तिला दारातच गाठून लोखंडाचा एक तुकडा दाखवला, त्यावरची खडूची खूण दाखवली आणि म्हणाली, "चालतंय." मग आमच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड करायची ऑर्डर बायकोनं देऊन टाकली. मला न विचारता. भरलेली टाकी गच्चीवर आणि तिच्या खाली अक्काचे जोड, या कल्पनेनं मला घाम फुटला. स्टँड तयार झाल्यावर अक्का स्वतः त्यावर चढली, मध्यभागी उभी राहिली आणि चक्क उड्या मारायला लागली. खाली मिस्त्री खाटेवर मान तिरकी करून ऐकत होता. "आता तुमी चडा मानेभाऊ," ती म्हणाली. मी चढलो. काय करणार? तो स्टँड आजही आमच्या गच्चीवर आहे.

पण हे सगळं ज्यासाठी चाललं होतं ते वेगळंच होतं. मिस्त्रीला बाहेर जायचं होतं. गल्लीच्या टोकाला मारुतीचा कट्टा आहे, तिथे कारखान्यातले दोन-चार जुने लोक संध्याकाळी बसतात. लेकीनं अकलूजहून चाकाची खुर्ची आणली होती, चांगली चकचकीत. मिस्त्रीनं तिच्या पायाच्या जोडाला बोट लावलं, हातोडी मागितली, एकदाच मारली, आवाज ऐकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक रडली. तिनं समजावलं, ती रागावली, आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तो त्या खुर्चीत बसेना. चार भिंतींत पडून राहीन पण असल्या जोडावर बसणार नाही, असं त्याचं. मला वाटलं हा हेकटपणा झाला. अक्काला तसं वाटलं नाही. तिनं खुर्ची लेकीबरोबर परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी काळे पाइप आणले.

खुर्चीला पातळ पाइप, तेव्हा तारेचं काम. या कामात आवाज महत्त्वाचा. तार बरोबर सुटली की शेंगा भाजताना कढईत तडतडतं तसा एकसारखा आवाज येतो, आणि शेंगा हा तर अक्काचाच प्रांत. आवाज तिनं दोन दिवसांत पकडला. वरून जोड सुंदर दिसायचा. आणि मिस्त्रीची हातोडी बसली की तो तुटायचा. आत बघावं तर बारीक बारीक भोकं, इडलीच्या आत असतात तशी. पुन्हा करायची, पुन्हा भोकं. मशीनचे आकडे बदलून पाहिले, टाकी बदलून आणली, पाइप घासून घासून आरशासारखे केले. भोकं जाईनात. मिस्त्रीची फुली चुकेना. तो तडी तडी म्हणून हात हलवायचा, कुठेतरी दाखवायचा, आणि अक्काला आयुष्यात पहिल्यांदा त्याची तडी कळेना. एप्रिल सुरू होता. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रा. ती हडकली. भाकरीची गिऱ्हाइकं परत जायला लागली. एका दुपारी ती आमच्या फरशीवर येऊन बसली, कुठलंही झाकण न उचलता, आणि म्हणाली, "जमंना मला, भाऊ. ह्येंना मी खाटंवरच मारनार बगा." तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पाहिलं. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मी उठून उगाच पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेलो.

त्याच आठवड्यात शेडमधून दाणकन आवाज आला. आम्ही धावलो. मिस्त्री खाटेवरून अर्धा खाली लोंबकळत होता आणि टेबलफॅन जमिनीवर पडून खडखडत होता. त्यानं डाव्या पायानं लाथ मारून तो पाडला होता. अक्का टोप वर करून बघत राहिली. उकाड्यात मिस्त्रीला घाम येऊ नये म्हणून तिनं तो पंखा खाटेपाशी लावून ठेवला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एक क्षण बंद नाही. आणि पंख्याचा वारा थेट जोडावर. तारेभोवती गॅसचं जे पांघरूण असतं ते वाऱ्यानं उडून जायचं, म्हणून भोकं. तो इतके दिवस पंखा बंद कर म्हणत होता, आणि तिला वाटत होतं त्याला जास्त वारा हवाय. ती मधूनमधून पंखा वाढवत होती.

अक्का जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मिस्त्रीचं अर्धं तोंड हसायला लागलं. मग ती एकदम थांबली, त्याला उचलून खाटेवर नीट ठेवलं आणि म्हणाली, "पंका लावल्याबिगर तुमाला हितं बसवायची न्हाय मी." तो म्हणाला, "तडी." यावर बराच वेळ कानडीत भांडण झालं. एका बाजूला शेकडो शब्द, दुसऱ्या बाजूला एक, आणि जिंकला तो एकच शब्द. तेव्हापासून तिनं त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवायला सुरुवात केली, आणि पंखा बंद. दोघं त्या भट्टीत घाम गाळत बसायचे. भोकं गेली.

खुर्चीचा एकेक जोड पास होत गेला. प्रत्येकाशेजारी खडूची खूण. अक्कानं रंग दिला तोसुद्धा खुणा वगळून. मिस्त्री त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा गल्लीत आला तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खुर्ची जराही करकरत नव्हती. मिस्त्री पाटलासारखा ताठ बसला होता. मागे अक्का, अंगावर नवी इरकल, कपाळावर ताजी विभूती, आणि चेहरा असा की रस्ता आपल्या बापाचा आहे. मी खाली बघून म्हटलं, "अक्का, झकास झालीय."

ती म्हणाली, "चालतंय."

पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी ती खुर्ची आमच्या दारावरून जायची. कट्ट्यावर मिस्त्री तासभर बसायचा. लोक बोलायचे, हा तडी म्हणायचा, सगळ्यांना पुरायचं. मग पावसाळ्यानंतर त्याचा कारखान्यातला एक जुना सोबती गेला. तोही मिस्त्रीसारखाच लिंगायत, आणि लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांनी सजवून बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. त्या घरच्यांनी लाकडी खुर्ची बांबूंना दोरीनं बांधली होती. चढावर दोरी सरकली. खुर्ची कलली, त्या बिचाऱ्याची मान एका बाजूला पडली, लोक धावले, कुणीतरी खांदा लावून सावरलं. मिस्त्री त्याच्या खुर्चीतून हे बघत होता. घरी येईपर्यंत त्यानं एकदाही तडी म्हटलं नाही, असं अक्कानं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खडू मागितला. शेडच्या फरशीवर स्वतःच्या खुर्चीचं वाकडंतिकडं चित्र काढलं, आणि बसायच्या जागेच्या खाली चार वर्तुळं. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. मग टंगस्टनच्या सुईच्या टॉर्चकडे बोट दाखवलं. म्हणजे टिग. सगळ्यात नाजूक, सगळ्यात अवघड, आणि त्याचं स्वतःचं सगळ्यात लाडकं काम.

मी तेव्हा शेडच्या दारात उभा होतो. म्हटलं, "या कड्या कशाला, अक्का? पट्टा बांधायला का?"

अक्का फरशीवरचं चित्र बघत होती. "बांबू घालायला," ती म्हणाली.

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी मिस्त्रीकडे पाहिलं, तो माझ्याकडे शांतपणे बघत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हणालो, "अहो अक्का, हे असलं काय करता? नाही म्हणा त्यांना. तुम्ही त्यांच्या बायको आहात."

"म्हनून तर," ती म्हणाली. "ह्येंना वाकडं जायचं न्हाय. जन्मात एक जोड वाकडा जाऊ दिला न्हाय ह्येंनी. दोरी बांधनारं कोन असंल, त्याचा काय भरवसा? मी हाय तर मीच करीन की."

मग ती टिग शिकली. त्यासाठी गॅस वेगळा, नुसता आर्गॉन. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, सुई लोखंडाला टेकवून अलगद उचलायची, मग वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब तयार होतो आणि तो थेंब पुढे न्यायचा. हात जरा थरथरला की सुई बुडते आणि सगळं बिघडतं. टिगमध्ये आवाज जवळजवळ नसतो. आमच्या घरचे दिवे मंद व्हायचे पण पलीकडून काही ऐकू यायचं नाही, फक्त अक्काचं "बा, बा, बा". बा म्हणजे ये. ती त्या थेंबाला बोलावत पुढे न्यायची, वासराला बोलवावं तसं. या कड्यांसाठी तिनं किती दिवस घेतले हे मी मोजलं नाही. पण त्या दिवसांत बायकोनं टीव्ही लावला नाही, आणि मीही ट्यूबबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या पाहण्यातली ती सगळ्यात धीराची गोष्ट आहे. आपल्या माणसाला न्यायची खुर्ची त्याच्या समोर बसून, त्यालाच विचारत विचारत करायची, आणि हात थरथरू द्यायचा नाही. मला दोन आयुष्यं मिळाली तरी ते जमायचं नाही.

कड्या झाल्या. मिस्त्रीनं हातोडी घेतली. इतर जोडांवर मारायचा त्याहून जोरात मारली, प्रत्येक कडीवर, पुन्हा पुन्हा, दम लागेपर्यंत. मान तिरकी केली, ऐकलं. तीन कड्यांवर खूण केली. चौथीवर करायला खडू उचलला आणि हात खाली पडला, इतका तो थकला होता. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या करा." ती चौथी खूण राहूनच गेली. थंडीत मिस्त्रीला ताप आला, छाती भरली, आणि एका सकाळी तो गेला.

लेक आणि जावई अकलूजहून येईपर्यंत अक्कानं स्वतः पान्यानं खुर्चीची चाकं उतरवून ठेवली. मठातले स्वामी आले. मिस्त्रीला आंघोळ घालून खुर्चीत बसवलं, झेंडू आणि शेवंतीनं सजवलं. नात्यातले लोक सवयीनं दोरी घेऊन पुढे झाले. अक्का रडत होती, सगळ्या बायकांत बसून मोठ्यानं रडत होती, पण दोरी दिसल्यावर उठली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दोरी नगं. कडीत घाला."

एकजण म्हणाला, "अक्का, वजन हाय. कडी धरंल का?"

"त्येंनी पास केल्यात," ती म्हणाली.

बांबू कड्यांतून सरसर गेले. चौघांनी उचललं. मी मागून चालत होतो. रुद्रभूमीचा, म्हणजे लिंगायतांच्या स्मशानाचा, रस्ता खराब आहे, एक चढ आहे, मधे खणून ठेवलेलं आहे. लोकांचे पाय अडखळले, खांदे वरखाली झाले, पण खुर्ची हलली नाही. मिस्त्री ताठ बसून गेला. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी उभं राहून हात जोडले. माझे डोळे सारखे त्या चौथ्या कडीकडे जात होते, तिच्याशेजारी खडूची खूण नव्हती.

मातीनंतर खुर्ची घरी आली. काही दिवसांनी लेक अक्काला अकलूजला न्यायला आली. भाकऱ्या बंद झाल्या होत्या, घर बंद होणार होतं. टेम्पोत सामान चढत होतं. मशीन सगळ्यात आधी चढलं, विभूतीच्या पट्ट्यांसकट, टाकी साखळीनं बांधून. खुर्ची मात्र गल्लीच्या टोकाच्या फुलवालीच्या आईला द्यायची असं अक्कानं ठरवलं होतं. त्या म्हातारीला चालता येत नाही. पण जित्या माणसाच्या खुर्चीला असल्या कड्या नकोत, त्या काढून देते, असं म्हणून ती शेडमध्ये गेली.

मी तिला निरोप द्यायला मागच्या दारानं गेलो. शेड रिकामी झाली होती. मिस्त्रीची खाट तेवढी होती. अक्का फरशीवर एक पाय लांब करून बसली होती, साडीवरून मिस्त्रीचा तोच खाकी शर्ट, पुढ्यात खुर्ची उलटी टाकलेली आणि हातात मिस्त्रीची हातोडी. ती चौथ्या, बिनखुणेच्या कडीवर मारत होती. तिच्या मनगटानं मारलेला घाव कसा असतो ते मला माहीत आहे. खुर्ची उडत होती, फरशी दणाणत होती. कडी जागची हलत नव्हती.

तिनं मला पाहिलं. "तुटंना की भाऊ," ती म्हणाली.

मग तिनं आणखी एक घाव घातला, मान तिरकी केली आणि ऐकत राहिली. आवाज पत्र्यात विरून गेला तरी ऐकत राहिली. नंतर हातोडी खाली ठेवली, खिडकीच्या फळीवरून खडूचा तुकडा काढला आणि कडीशेजारी बरोबरची खूण केली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. अक्का म्हणाली, "तडी," आणि खडू शर्टाच्या खिशात टाकून उठली.